कोकणात निघालेले नारळ

आमच्या ह्यांनी समुद्र पाहिला नव्हता आणि पाहायचा तर मोटारसायकलवर जाऊनच, असा हट्ट. अकोल्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं, आणि गेलेलं परत येत नाही. गाडी बंद करा म्हणाले. ह्यांनी घरी येऊन गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. "डाक्टरले काय समजते," एवढंच बोलले. मी नाही म्हटलं असतं तर एकटे गेले असते, म्हणून मागं बसले. साठी उलटली, पण बायकोचं ऐकेल तर शपथ!

सोयाबीन घरात आलं होतं, तूर फुलावर होती. मेडशीहून निघायच्या आदल्या दिवशी मी जवळच्याच मालेगावच्या मावसबहिणीला फोन केला, ही माझी चूक. तिनं मेहकरला कळवलं, मेहकरनं जालन्याला. सोयऱ्यांच्या गावावरून चहा न घेता पुढं गेलं तर आमच्याकडं वर्षभर तोंडं फुगतात. त्यात सवाष्ण दारात आली की ओटी भरल्याशिवाय सोडत नाहीत. तांदूळ, ब्लाऊजपीस आणि नारळ. ओटीचा नारळ नाकारायचा नाही, वाटेत कोणाला द्यायचा नाही, घरी नेऊनच फोडायचा. पहिल्या दिवशी कसंबसं मेहकर गाठलं. जालन्याच्या पुढं तर गाडीच्या दोन्ही बाजूंना नारळाच्या पिशव्या लोंबत होत्या.

पेट्रोल पंपावरच्या माणसानं विचारलं, कुठं निघालात? कोकणात, म्हटल्यावर तो पिशव्यांकडंच बघत राहिला. हे पोट धरून हसले. मला राग आला होता, मी नाही हसले.

माझं काम खांद्यावर थाप मारायचं. उजवीकडून ट्रक आला की उजव्या खांद्यावर, डावीकडून बैलगाडी आली की डाव्या. प्रत्येक थापेला उत्तर ठरलेलं, "मले दिसते!" आणि लगेच गाडी बाजूला.

"दिसते तं मी थाप मारेपर्यंत कायले थांबता?" मी म्हटलं.

"तुले बरं वाटावं म्हनून."

घाटात एका वळणावर डावीकडच्या फाट्यावरून यष्टी आली. मी थाप नाही मारली, ओरडलेच. गाडी कशीबशी सावरली. घाट उतरेपर्यंत मी दोन्ही हात ह्यांच्या खांद्यांवरच ठेवले.

समुद्रावर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. हे वाळूत उभे राहिले आणि सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवत राहिले. मग माझ्या हातात गाडीची चावी ठेवली.

"ते यष्टी मले दिसली नव्हती. बाजूचं काईच दिसत नाई मले. लय दिवसांपासून."

एवढ्या रस्त्यात ह्यांना सुनवायला मी किती काय काय जमवून ठेवलं होतं! ते सगळं राहिलं. मी तिथंच बसून रडले, चांगली मोठ्यानं.

गाडी ट्रान्सपोर्टनं पाठवली. नारळ घेऊन आम्ही यष्टीनं परत निघालो. खिडकी नेहमी माझी असते, या खेपेला ह्यांनी मागून घेतली. सगळा रस्ता मान काचेकडं वळवून बसले.

"मान आखडंल नं," मी म्हटलं.

"आखडू दे," म्हणाले. "दिसते तवरीक पाहून घेऊ दे."