बाटलीतले साक्षीदार

रविवारी मुरुडजवळच्या एका गावात ओढा वाचवायला गेलो होतो... आणि जिंकून आलो. त्या भाषणाची क्लिप कालपासून सगळीकडे फिरतेय, म्हणून हे लिहितोय.

ओढ्याचा तळ आणि काठ सिमेंटने बांधून, मध्ये बंधारे घालून पाणी अडवायचं की नाही, हे ग्रामसभेत ठरणार होतं. मी विरोधात बोलणार होतो. सभेआधी ओढ्यात उतरलो, दगड उलटले आणि त्यांना चिकटलेले तांदळाच्या कणीएवढे काळे भुंगे ओढ्याच्या पाण्यासकट काचेच्या बाटलीत भरले. झाकण घट्ट लावलं. साक्षीदार हवेत ना!

बाटली टेबलावर, उन्हात. भाषण नेहमीसारखं लांबलं... "याला धड पोहताही येत नाही. वाहत्या पाण्यात दगडाला नखं रोवून जगतो. पाणी थांबलं की याचा श्वास कोंडतो!" सगळं वाचलेलं, तोंडपाठ.

पुढेच सुमनमावशी बसल्या होत्या. त्यांचं भातशेत ओढ्याला लागून आहे. त्यांनी बाटली मागून घेतली, हलवून बघितली.

"भाऊ, यातलं येक पन हालत न्हाय. तुमचं भाषन ऐकून मेलं वाटतं!"

सभा खदखदून हसली.

आणि मी? जराही न अडखळता त्यांच्याकडून बाटली घेऊन उंच धरली. "बघा! थांबलेलं पाणी काय करतं ते डोळ्यांनी बघा!" हसू विरलं. टाळ्या पडल्या, भराभर हात वर झाले, सिमेंटचं काम नामंजूर झालं. क्लिप इथेच संपते.

निघताना मावशी गाडीपाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "बोलन्यात तुमाला कोन हरवनार? मी बी हात वर केला. पन झाकन तरी उघडायचं व्हतंत..."

 

किडेच तर होते, असं स्वतःला समजावून पाहिलं. जमलं नाही. ज्यांच्या बाजूने गळा काढत होतो, त्यांच्याकडे मी सबंध भाषणात एकदाही वळून बघितलं नव्हतं. ते माझ्या हाताशी गुदमरले, आणि मेल्यावरही मी त्यांना कामाला लावलं.

ओढ्याचा निर्णय योग्यच झाला, त्यासाठी उद्याही भांडेन. पण त्या टाळ्यांची लाज वाटते.

मावशी, झाकणाचं तुम्ही सभेत बोलला नाहीत, हे तुमचे उपकार. म्हणून चारचौघांत मीच सांगतोय.