वजनताईने कोर्स निवडला

माझ्या धाकट्या सुनेला जनावरांच्या दवाखान्यात सगळे वजनताई म्हणतात. आत शिरलं की उजव्या हाताला तिचं टेबल, टेबलावर फोन आणि शेजारी जमिनीवर बसवलेला सपाट काटा. कुत्रं असो, मांजर असो, नाहीतर कोणाचा लाडका ससा असो, आधी तिच्याकडे वजन, मग पुढचं सगळं. कुत्रं काट्यावर चढत नाही, मालक मागून ढकलतो, तेव्हा ही म्हणते, "दादा, तुम्ही बाजूला व्हा बरं, काटा तुमचंच वजन दाखवतोय." मग स्वतः काट्यापलीकडे उकिडवी बसते, कुत्र्याकडे ढुंकून बघत नाही, आणि ते आपलं आपण चालत येतं. माझा मुलगा इतक्या सहज तिचं ऐकत नाही.

तिच्या टेबलाच्या पुढे एक पांढरं झुलतं दार आहे. दारापलीकडे डॉक्टर आणि त्यांच्या टेक्निशियन बाई. रक्त काढायचं, सुई टोचायची, गुंगीतल्या जनावराच्या श्वासावर लक्ष ठेवायचं, हे सगळं तिकडे. हिचं राज्य दाराच्या अलीकडे संपतं. बाकावर बसलेली माणसं डोळ्यांत पाणी आणून विचारतात, "ताई, आत काय चाललंय हो?" आणि हिला म्हणावं लागतं, "मला नाही सांगता येणार, मी फक्त वजन करते."

हे वाक्य तिला फार लागायचं. घरी येऊन ती भांड्यांचा आवाज करायला लागली की मी ओळखायची, आज कोणीतरी आतलं विचारलं.

टेक्निशियन बाई येत्या काही वर्षांत काम सोडणार असं ठरलं, तसं डॉक्टरांनी सांगून टाकलं, "त्यांच्या जागी परवाना असलेलंच माणूस लागेल." परवान्यासाठी परीक्षा आणि परीक्षेसाठी शिक्षण. कॉलेज लांब. नोकरी, घर, लेक सांभाळून तिकडे राहायला कोण जाणार? म्हणजे शिकायचं तर फोनवरच, ऑनलाइन. चाळिशी ओलांडलेली बाई, संध्याकाळचे तेवढे दोन तास तिचे. ते एकदा चुकीच्या जागी घातले असते तर पुन्हा शिकायचं नाव काढायला ना तिच्यात बळ उरलं असतं, ना घरच्यांत. म्हणून निवड करायची होती ती एकदाच.

आणि कोर्स तरी किती! एकदा तिने फोनवर शोधलं आणि फोन तिच्या मागेच लागला. भाजीचा भाव बघायला गेली तरी एक गोरीपान मुलगी पांढऱ्या कोटात कुत्र्याचं पिल्लू धरून हसायची. "सहा महिन्यांत टेक्निशियन व्हा, घरबसल्या." माझा मुलगा फ्रिज दुरुस्त करतो, त्याला लवकर होणारी प्रत्येक गोष्ट आवडते. तो म्हणाला, "हाच घे. त्या दुसऱ्या कोर्सला दोन वर्षं लागतात. तेवढ्यात कुत्रं म्हातारं होतं."

"अहो, पण दोन्हींत इतका फरक का असेल?"

"त्यांना शिकवता येत नसेल पटकन."

सहा महिनेवाल्यांची आधी एक चाचणी होती. तुमच्यात हे काम करण्याचे गुण आहेत की नाहीत ते कळणार म्हणे. रविवारी दुपारी तिने ती सुरू केली आणि नेमकी मोरी तुंबली. हात कोपरापर्यंत घाण पाण्यात, आणि फोन कट्ट्यावर. ती तिथूनच ओरडली, "आई, तो बंद पडेल हो, तेवढं पुढचं दाबत राहा!"

मी दाबत राहिले. प्रत्येक पानावर चार गोल होते. एका गोलावर बोट ठेवल्याशिवाय पुढचं पान यायचं नाही, म्हणून मी आपली तिसऱ्यावर ठेवत गेले. मला तिसरा हाताशी पडत होता. मध्ये एकदा चष्मा आणायला उठले तेवढाच काय तो खंड. ती हात पुसत आली तेव्हा पडद्यावर रंगीबेरंगी कागद उडत होते.

"आई, हे काय केलंत?"

"तू म्हणालीस पुढचं दाब. आता पुढे काही येतच नाही."

तिने वाचलं. मग मोठ्याने वाचलं. अभिनंदन, आपला निकाल उत्कृष्ट, आपल्यात उपजत गुण आहेत. माझा मुलगा पोट धरून हसला. "आई, उद्यापासून तूच जा दवाखान्यात!" थोड्या वेळाने फोनही आला. साखरेत घोळवलेल्या आवाजाची एक मुलगी होती. "मॅडम, इतका सुंदर निकाल आम्ही क्वचितच बघतो." सुनेने विचारलं, "बाळा, तुमच्याकडे शिकले तर माझे हात कोण बघणार? मी सुई बरोबर धरली की नाही, हे कोण सांगणार?" ती म्हणाली, "मॅडम, हातांची काळजीच करू नका, सगळे व्हिडिओ आहेत ना."

सून हसली नाही. रात्री पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला. मला वाटलं माझ्यावर रागावली. म्हटलं, "चुकलं असेल तर परत दे ना परीक्षा." तर म्हणाली, "तुमच्यावर नाही हो आई. मी आजच नाव घालणार होते तिथे."

दुसऱ्या दिवशी तिने परवाना देणाऱ्या परिषदेलाच फोन लावला. तिथल्या बाईने सहा महिनेवाल्यांचं नाव ऐकून एवढंच सांगितलं, "त्यांच्या विद्यार्थ्यांना आम्ही परीक्षेला बसवत नाही." मग तिने दोन वर्षंवाल्यांना फोन केला. तिथे एक रुक्ष गृहस्थ होते. हातांचा प्रश्न विचारला तर ते म्हणाले, "तुमच्या ओळखीत डॉक्टर आहेत का? प्रत्येक काम त्यांच्या देखरेखीखाली करायचं, त्याची फिल्म काढायची, त्यांनी सही करायची, मग आम्ही तपासणार. डॉक्टर नसतील तर आमच्याकडे येऊ नका." आणि फोन ठेवला.

"किती तुसडा माणूस!" मुलगा म्हणाला.

"हो ना," सून म्हणाली, आणि तिचा चेहरा असा खुलला, जसं काही त्या गृहस्थांनी तिला आहेर केला.

पण आता गाडी डॉक्टरांपाशी येऊन अडली. माणूस वाईट नाही, जनावरांशी तर लोण्यासारखा, पण माणसांशी बोलताना कपाळाला कायम आठी. ते नाही म्हणाले असते तर तो कोर्सही गेला, दुसरा तर गेलाच होता, आणि ही जन्मभर काट्यापाशी. विचारायचं विचारायचं म्हणून तिने बरेच दिवस काढले. शेवटी एका संध्याकाळी दवाखाना बंद करताना विचारलं. पुढचं सगळं तिने मला डॉक्टरांची नक्कल करून दाखवलं, आठीसकट.

"म्हणजे दोन वर्षं मी तुमच्या मागे उभं राहायचं?"

"हो सर."

"आणि प्रत्येक कामावर सही करायची. माझी सही म्हणजे माझी मान, कळतंय का?"

"कळतंय सर. काम कच्चं वाटलं तर सही करू नका."

"करणारच नाही!"

"मग झालं तर, सर."

डॉक्टरांनी किल्ल्या उचलल्या. मग दिवा बंद करता करता म्हणाले, "बुधवारी गर्दी नसते. बुधवार ठरवा."

घरातही थोडंफार इकडचं तिकडे झालं. बुधवारचा स्वयंपाक मुलाकडे आला. तो भाताला फ्रिजसारखं हाताळतो, मागून पुढून ठोकून बघतो. नात आईला इंग्रजी शब्द सांगते आणि चुकली की मास्तरणीसारखी भुवई उडवते. मी सगळ्यांना गप्प बसवायचं काम करते, त्याला शिक्षण लागत नाही.

पहिली फिल्म होती पायाला पट्टी बांधायची. कुत्रा आला शेजारच्या शिंप्याचा, गादी नावाचा. नावासारखाच आहे, टाकाल तिथे पडून राहतो. सुनेने आठवडाभर त्याचे चारही पाय बांधले नि सोडले, रस्त्यातली माणसं शिंप्याला विचारायला लागली, याचा अपघात झाला का हो? पट्टीतून मधली दोन बोटं बाहेर ठेवायची असतात. पट्टी घट्ट झाली तर ती सुजतात, गार पडतात, त्यावरून कळतं. बुधवारी तिने गादीला दवाखान्यात नेलं, बांधलं, डॉक्टरांनी दोनदा बोट घालून बघितलं आणि सही केली. टेक्निशियन बाईंनी फिल्म काढली. ती पाठवून सून घरी आली ती पाण्याचा तांब्या तोंडाला लावूनच बसली.

चार दिवसांनी उत्तर आलं. आम्ही सगळे भोवती जमलो. नातीने वाचलं, "शेवटी तुमचा हात कुत्र्याच्या पंजावर आहे. बोटं बाहेर ठेवली असतील, पण आम्हाला दिसली नाहीत. पुन्हा करा."

मुलगा चिडला. "म्हणजे? समोर डॉक्टर उभा होता ना! त्याची सही चालत नाही का यांना? सोड तो कोर्स, मी सांगतो."

मीही मनातून धसकलेच. पहिल्याच घासाला खडा. सुनेकडे बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम.

"अहो, त्यांनी बघितली," ती म्हणाली. "अगदी शेवटपर्यंत बघितली. कोणीतरी माझ्या हाताकडे बघत होतं!"

पुढच्या बुधवारी गादी पुन्हा टेबलावर, टेक्निशियन बाई पुन्हा फिल्म काढायला समोर. डॉक्टर म्हणाले होते, चुकीच्या पट्टीवर मी सही केली असं कोणी म्हणू नये, यावेळी मी डोळ्यांत तेल घालून बघणार. तिने पट्टी बांधली, शेवटची चिकटपट्टी लावली आणि दोन्ही हात उचलून पाठीमागे घेतले. डॉक्टर वाट बघून म्हणाले, "झालं ना? आता काय?"

"थांबा सर," ती म्हणाली, "त्यांना बोटं नीट बघू द्या."