फुकटातली तलवार

"हे कार्ड कुणाचं? बोला! कुणी खाल्लं शेण?"

बबनदादा ओरडला तेव्हा दिंडोरी नाक्यावरच्या त्या सायबर कॅफेतले आठच्या आठ पंखे थांबले. पंखा एकच होता म्हणा, पण मला तुम्ही ओळखता — एकाचे आठ करायची माझी सवय. त्या दुपारी मात्र मी आठांतून एक वजा केला. ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? — माहीत नाही. बसा. मीच उभा राहतो, बसवत नाही.

मोबाइलवर फक्त साप पळायचा, तेव्हाची गोष्ट. हा गेम कॉम्प्युटरवरचा, लढायांचा, ऑनलाइन. आणि फुकट! फुकट म्हणजे — आत शिरायला फुकट. पहिले चाळीस टप्पे जावयासारखे लाड. एकेचाळिसाव्याला साधं रानडुक्कर मारायला पाऊण तास! तेवढ्यात कोपऱ्यात दुकान लुकलुकायला लागायचं — लाल तलवार, आजच, फक्त दोन तास. कॅफेवाले अण्णा त्याची कार्डं विकायचे. नाण्याने खरवडायचं, नंबर टाकायचा, पेटी उघडायची. पेटीत तलवार असेलच असं नाही. बहुतेकदा टोपी निघायची.

आमची आठ जणांची टोळी. रिक्षावाला बबनदादा म्होरक्या. त्याने माउसपॅडवर भंडारा ठेवून प्रत्येकाला उचलायला लावला होता — दुकानात पाय ठेवायचा नाही, मिळवायचं ते खेळूनच. मीही उचलला. सगळ्यांत मोठ्या आवाजात.

आणि विलास. मखमलाबादचा. सकाळी फूलबाजारात झेंडू विकायचा, दुपारी कॅफेत यायचा. त्याच्या कीबोर्डलाही झेंडूचा वास. बाजारात लोक त्याच्याशी भावापुरतं बोलत; विल्या म्हणून हाक मारणारे आम्हीच. खेळातल्या आमच्या किल्ल्याचं दार तोच राखायचा. आमच्यात असण्याचं त्याला केवढं अप्रूप होतं — हे मला ठाऊक होतं. म्हणून तर बोचतं.

मी कार्ड घेतलं. एक नाही — सहा. पाच टोप्या, मग तलवार. आता टोळीला सांगणार काय? तोंड उघडलं आणि गोष्ट आपोआप बाहेर पडली: किल्ल्यामागच्या वडाला न थांबता एकशे आठ फेऱ्या घातल्या, शेवटच्या फेरीला तलवार पायाशी पडली! कोण विश्वास ठेवेल? पण दुसऱ्या दिवशी सातही गडी वडाभोवती! परदेशातले खेळाडू लढाई सोडून बघत उभे — नाशिकची अख्खी फौज वटपौर्णिमा करतेय.

चार दिवसांत बाकीचे कंटाळले. विलास नाही. तीन आठवडे, रोज. "माझं मोजणं चुकतंय बहुतेक," म्हणायचा. आणि मी काय म्हणालो? — "मनापासून घाल रे."

मग ते खरवडलेलं कार्ड विलासच्या कीबोर्डखाली सापडलं. सकाळी त्या खुर्चीत बसून सातवं कार्ड मी खरवडलं होतं. मी! पण दुपारी तिथे तो होता.

"दादा, आईशप्पथ माझं नाही," विलास म्हणाला. "कार्ड असतं तर फेऱ्या कशाला घातल्या असत्या?"

"नाटकं करतो का? तीन आठवडे झाडाभोवती कोण फिरतं रे?" बबनदादा.

कुणीतरी हसलं. विलासने माझ्याकडे पाहिलं. फेऱ्यांचं खरं-खोटं सांगू शकेल असा तिथे मीच ना? एक वाक्य पुरलं असतं. ज्याच्या तोंडातून दिवसाला हजार वाक्यं पडतात, त्याच्याकडे एक नसावं?

होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या दादा. विल्या, कबूल कर नि मोकळा हो. चूक होते माणसाकडून."

ऐकलंत? मी त्याला — माफ केलं.

बबनदादाने एक बटण दाबून त्याला टोळीतून काढलं. विलासने काउंटरवर तासाचे पंधरा रुपये ठेवले, सायकल काढली, गेला. पडद्यावर त्याचा गडी वडापाशी, अर्ध्या फेरीत थांबलेला. तो पुन्हा कॅफेत आला नाही. दसऱ्याला मी अजूनही फूलबाजार टाळतो. झेंडू घ्यायला पार नाशिकरोडला जातो. घरी सांगतो, तिथला ताजा असतो.

त्या रविवारी माझ्या तलवारीवर आम्ही किल्ला जिंकला. टोळीने मला खांद्यावर घेतलं. पण मला कॅफेत बसवेना, घरी थांबवेना. सोमवारी दुपारी कॅफे रिकामा बघून आत गेलो. अण्णा विलासचा कीबोर्ड पुसत होते. म्हटलं, "अण्णा, कार्डं तर तुम्हीच मला विकली होती. मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

अण्णांनी मान वर केली नाही. म्हणाले, "निळी तलवार आलीय. कार्ड देऊ?"