जेवणाच्या सुट्टीतले दस्तगीरभाई

दस्तगीरभाई कारखान्यात आले त्याच दिवशी ते मला नावडते झाले. कुपवाडला आमचा पंधरावीस माणसांचा कारखाना. मी लेथवर, ते नवे वेल्डर. जेवणाच्या सुट्टीत शेडमागच्या लिंबाखाली सगळे डबे उघडून बसायचे आणि आठवड्यात पाहिलेला सिनेमा मी सांगायचो. तो माझा मान होता. सांगलीत नवा सिनेमा लागला, की पहिल्या खेळाला मी हजर.

त्या दिवशीही मी रंगात आलो होतो. बाप मुलाला घराबाहेर काढतो तो प्रसंग सांगून संपवला. कोपऱ्यात भाकरी मोडत बसलेला नवा माणूस हळूच म्हणाला, "व्हय, पर पोरगं गेल्यावर म्हातारा तांब्या उचलतो अन् न पिताच खाली ठेवतो. त्ये बघितलंसा का?"

मी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. पण त्यांनी तांब्या उचलल्यासारखा हात केला, थांबले आणि रिकामा हात खाली ठेवला. आमचा फोरमन गणपतराव भाकरीचा घास हातात धरून तसाच बसला. मग म्हणाला, "भाई, पुढचं तुमी सांगा."

पुढचं त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून कायमचं.

पन्नाशीकडे झुकलेला, किडकिडीत, कानावर नेहमी एक अर्धी विडी ठेवलेला हा माणूस. मिरजेत दर्ग्याजवळ राहायचे आणि सायकलवरून यायचे. आवाज चढवायचे नाहीत, गाणी म्हणायचे नाहीत, मारामारीत हातवारे करायचे नाहीत. नायकाबद्दल फारसं बोलायचेच नाहीत. नायिकेच्या घरातली मोलकरीण, कोर्टातला पट्टेवाला, लग्नात मागे उभा असलेला वाढपी, अशा माणसांवर त्यांचा जीव. "त्याला एकच वाक्य हाय, पर त्यानं त्ये घरी शंभर येळा म्हणलं असणार," असं म्हणायचे. शेवट मात्र कधीच सांगायचे नाहीत. "शेवट तुमचा तुमी बघा. तुमच्या ताटातला घास मी कशाला खाऊ?"

एकदा ते खुनाचा सिनेमा सांगत होते. सगळे डबे थंड झालेले. मला ते सहन होईना. मी मधेच मोठ्यानं म्हणालो, "खून धाकट्या भावानं केलेला असतोय." सगळे माझ्यावर खवळले. गणपतराव तर उठून उभा राहिला. दस्तगीरभाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "बरं झालं. आता सगळ्यांनी पिच्चर बघताना धाकट्याकडंच बघा. पैल्यापास्नं. लय भारी काम केलंय त्यानं." शनिवारी सगळा कारखाना तो सिनेमा बघायला गेला आणि सोमवारी धाकट्या भावाबद्दल बोलत आला. माझं तोंड आंबट झालं ते आठवडाभर तसंच राहिलं.

त्याच सुमारास बातमी आली, की कोल्हापूरची एक सिनेमा कंपनी मुखवटा घालून अन्यायाशी लढणाऱ्या घोडेस्वाराचा सिनेमा काढते आहे. अशी चित्रांची पुस्तकं पोरांच्या हातात दिसायची, पण मराठीत सिनेमा म्हणजे नवलच. मुखवटेवाल्याचं काम कुणी करावं, यावरून लिंबाखाली आठवडाभर वाद. कुणी गोऱ्या नाकेल्या नटाचं नाव घेई, कुणी तालमीतल्या पैलवानाचं. मी म्हणालो, "चेहरा देखणाच पाहिजे, नाहीतर लोक येणार कशाला?"

दस्तगीरभाई म्हणाले, "शंकर, गड्या, मी दिवसभर तोंडाफुडं काळ्या काचंची ढाल धरून उभा असतोय. तरी तू मला लांबनं वळखतोस न्हवं? कशावरनं? पाठीवरनं. मुखवटेवाल्याला तोंड कशाला पायजे? त्याची पाठ बोलली पायजे."

वाद तिथंच मिटला. मी घरी जाऊन आरशासमोर पाठ करून उभा राहिलो आणि मान वळवून बघत राहिलो. बायकोनं विचारलं, "काय झालंय, उसण भरली का?"

त्या सिनेमाचं शूटिंग औंधला यमाईच्या डोंगरावर होतं. एका रविवारी मी आणि दस्तगीरभाई एसटीनं गेलो. गावकऱ्यांच्या गर्दीत आम्ही उभे. काळा झगा घातलेला मुखवटेवाला आपल्या गावच्या देवळाच्या पायऱ्या चढून जातो, एवढाच प्रसंग. तीनदा घेतला तरी दिग्दर्शकाचं समाधान होईना. दस्तगीरभाई स्वतःशीच पुटपुटले, "हा चोरावाणी चढतोय. इथं त्याचं ल्हानपण गेलंय न्हवं? मग पायऱ्यांकडं बघतोय कशाला? घरच्यावाणी चढ की!"

पुढे उभा असलेला चष्मेवाला सहायक मागे वळला. "काय म्हणालात? परत सांगा." भाई लाजले, पण सांगितलं. सहायक धावत दिग्दर्शकाकडे गेला. चौथ्या वेळी नट खाली न बघता, सावकाश चढला. काय बदललं ते सांगता येणार नाही, पण गर्दीतली कुजबुज थांबली.

सामान आवरताना भाई देवीच्या दर्शनाला वर गेले होते. चष्मेवाला मला शोधत आला. "तुमचे ते मित्र कुठायत? त्यांना म्हणावं, बुधवारी कोल्हापूरला स्टुडिओत या. आम्ही पुढच्या सिनेमाची कथा बसवतोय. असं बघणारा माणूस आमच्यात एकही नाही. नक्की सांगा हं."

"सांगतो," मी म्हणालो.

परतीच्या एसटीत भाई खिडकीशी बसले होते. विट्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "शंकर, त्यो चष्मेवाला परत काय म्हणला का रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

एका शब्दाचं काम. त्यांनी मान हलवली आणि बाहेर बघत राहिले. बुधवारी ते नेहमीसारखे तोंडापुढे ढाल धरून वेल्डिंग करत होते. मी लेथवरून दिवसभर त्यांच्या पाठीकडे बघत होतो. अजून सांगता येईल, असं दुपारपर्यंत वाटत होतं. दोन वाजता कोल्हापूरची एसटी गेली असेल, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

सिनेमा सांगलीत लागला. सगळ्यांनी पाहिला. त्या पायऱ्यांबद्दल भाई एवढंच म्हणाले, "बरा चढलाय." आपण सांगितलं म्हणून ते बदललं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी फुशारकी मारावी म्हणून मी वाट बघत होतो. म्हणजे मला त्यांचा मनासारखा राग करता आला असता.

पुढल्या वर्षी दोन लेकींची लग्नं तोंडावर आली आणि वेल्डर म्हणून आखातात जायचं त्यांनी ठरवलं. मुंबईची गाडी मिरजेहून सकाळची. सगळे निरोप देऊन बाजूला झाल्यावर मी त्यांना फलाटाच्या टोकाला नेलं आणि सांगून टाकलं. औंध, चष्मेवाला, बुधवार, सगळं.

त्यांनी कानावरची विडी काढून हातात धरली. मग म्हणाले, "त्यो काय म्हणला? त्याच्या शब्दांत सांग."

मी सांगितलं. "असं बघणारा माणूस आमच्यात एकही नाही."

"परत सांग."

परत सांगितलं. त्यांचे डोळे भरले. "तवाच सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मी गेलो असतो रं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते गाडीत चढले, आतल्या बाजूला बसले. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण हात केला नाही.

सोमवारी लिंबाखाली गणपतराव म्हणाला, "शंकर, आता तूच सांग बाबा." कित्येक वर्षं मी ज्याची वाट बघत होतो तो मान परत मिळाला होता. मी सुरुवात केली. पाचच मिनिटांत लोक आपापल्या डब्यांत बघू लागले. मीही डबा उघडला.

दोनेक वर्षांनी बाजारात त्यांचे धाकटे भाऊ भेटले. त्यांनी सांगितलं, की तिकडे वाळवंटात पत्र्याच्या खोल्यांत माणसं राहतात, सिनेमाचं थिएटर लांब. शुक्रवारी सुट्टी असते तेव्हा भाई सगळ्यांना सिनेमा सांगतात. केरळचे, पंजाबचे, पाकिस्तानचेसुद्धा लोक येऊन बसतात. भाषा सगळ्यांना येत नाही, तरी बसतात.

"भाईंची आठवण काढता का?" असं त्यांच्या भावानं मला विचारलं नाही, आणि "माझी काढतात का?" असं मीही विचारलं नाही. सायकल हातात धरून तसाच चालत निघालो. इतकी वर्षं मी त्या माणसाचा हेवा केला होता. त्या दुपारी मला हेवा वाटला तो पत्र्याच्या खोलीत त्यांच्यासमोर मांडी घालून बसलेल्या, नावं ठाऊक नसलेल्या त्या लोकांचा.