जांभळा दिवा आणि आईची मान

आईच्या मानेवर पांढुरके डाग उठले आणि अकोल्याच्या जिनिंग कारखान्यातला मुकादम एका दुपारीत वैद्य झाला. "महारोग दिसते बाई. डाक्टरानं नाही म्हनलं तरच कामावर ये," असं त्यानं लांबूनच सांगितलं. तिच्या मजुरीवर आमची चूल चालायची, माझं अमरावतीचं कॉलेजही. संध्याकाळी नळावरच्या बायांनी तिची घागर बाजूला सारली. धम्म घेतला तेव्हा शिवाशीव संपल्याची पत्रकं वस्तीत मीच वाटली होती. नळापर्यंत बहुधा एकही पोचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामाच्याच लुगड्यावर तिला दवाखान्यात नेलं. तिथे नवा दिवा आला होता. अंधाऱ्या खोलीत त्याचा जांभळा उजेड कातडीवर टाकायचा आणि डाग कसा चमकतो त्यावरून रोग ओळखायचा. डॉक्टर दिव्यावर बेहद्द खूश होते. रोग्याला हात न लावता निदान! आम्हाला न शिवण्याची सोय अखेर विज्ञानानेच करून दिली होती.

दिवा लागला. आईची मान, खांदे, केस निळसर-पांढऱ्या ठिपक्यांनी लखलखले.

"अरे बापरे, सगळीकडे पसरलाय!" डॉक्टर मागे सरकले.

"मंग माहं काम?" आईनं विचारलं.

"कामाचं सोड आता."

आईनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "साहेब, तुमालेबी झाला वाट्टे. मिशी चमकून राह्यली तुमची."

डॉक्टरांनी दिवा आपल्या बाहीवर धरला. बाहीही चमकली. हंगामात अख्ख्या अकोल्यावर कापसाची रुई उडते आणि ती या उजेडात चमकते. त्या हिशेबानं गावच महारोगी होतं. आईनं ओल्या फडक्यानं अंग पुसलं. आता फक्त डाग उरले, फिकट पिवळे.

"साधी शिबं आहेत, महारोग नाही. मलम लाव," डॉक्टर म्हणाले.

"महारोगाचा डाग बधिर असतो ना? मग हात लावून पाहा," मी अडून बसलो. त्यांनी नाइलाजानं कापसाची वात मानेवर फिरवली.

"कळतं?"

"गुदगुल्या होतात."

निकाल घेऊन आम्ही कारखान्यावर गेलो. मी भांडणाच्या तयारीत होतो. पण फाटकावर तेल्हाऱ्याकडच्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि बाया कमी पडत होत्या. रोग आपोआप बरा झाला होता.

"काहून उशीर केला वो बाई? चाल, लाग कामाले," मुकादम म्हणाला.

आई जागची हलली नाही.

"पयले इचारा," सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "डाक्टर काय म्हने थे."