चिखलातून गाडी काढली कोणी?

पोलिसाच्या नोकरीत पंचनामे ढीगभर केले, बहुतेक विसरलो. येडशीच्या शिवारातला तो एक मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही.

पायी चाललेल्या एका बाईला मोठ्या पांढऱ्या गाडीनं उडवलं. लोक धावले, तशी गाडी पाणी दिलेल्या रानात घुसली, रुतली, आणि तरीही निघून पळाली. बाई सोलापूरच्या दवाखान्यात बेशुद्ध. दुसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या वॉशिंग सेंटरवरून खबर आली, "साहेब, एका गाडीखालून लई चिखल निघाला, अन् बंपर फुटलाय."

गाडी एका बड्या बागायतदाराची निघाली. आम्ही त्याच्या दारात पोचायच्या आत त्याचा म्हातारा ड्रायव्हर ठाण्यात हजर! "म्याच चालवत होतो. मला आत टाका."

असा आयता आरोपी मिळाला की मला आनंद होत नाही, संशय येतो. शिवाय पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. रानात पुढच्या चाकांचे खोल खड्डे होते आणि तिथून चारही चाकांनी माती उकरत नेलेला माग. विचारलं, "काका, गाडी काढली कशी?"

"ॲक्सिलेटर दाबला. चारी चाकं ओढणारी गाडी हाय, निघती आपोआप."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मालकाचा विशीतला मुलगा बापाबरोबर ठाण्यात आला होता, चेहरा पडलेला. त्याला गाडीपाशी नेलं. "ही बटनं कशाची, जरा समजावून सांग बाबा." गडी लगेच खुलला.

"ऑटोवर पुढचीच चाकं ओढतात. ती घसरली तरच ताकद मागं जाते. रस्त्याला तेवढं बास. काळ्या मातीत लॉक दाबायचं, मग पुढं-मागं सारखी ताकद. अन् चाक घसरलं की गाडी स्वतःच इंजिनाचा दम कमी करते. ते बटन बंद करायचं, नाहीतर जागेवर बसते."

"लॉक तसंच राहिलं तर?"

"वेग वाढला की आपोआप सुटतं."

"काकांना येतं हे?"

"छे! काका भितात बटनांना. त्या दिवशी मीच..."

त्यानं बटनावरचा हात झटकन मागं घेतला. हवालदारानं हळूच माझ्याकडं पाहिलं.

नुसत्या बोलण्यावर भागत नाही, म्हणून मोबाईलची लोकेशनं काढली. ड्रायव्हर त्या वेळी परंड्यात होता, पोरगा येडशीत. पोराला अटक केली.

मला वाटलं, म्हातारा हात जोडेल. तो माझ्यावरच भडकला. "काय मिळवलंत साहेब? माझ्या हाताखाली गाडी शिकलं ते लेकरू!"

मीही तापलो. "आणि ती बाई कुणाचीच लेक न्हाय व्हय?"

बाई वाचली, पण एक पाय कायमचा अधू झाला.

पोरगा कोठडीत होता तोवर बाप वकिलाकडं पळत होता. डबा घेऊन यायचा तो ड्रायव्हर. मी विचारलं, "मालकांनी पाठवला?"

"न्हाय. माझ्या घरचा हाय."

पोराला पकडलं ते बरोबरच केलं. पण तो डबा हवालदाराकडं न देता मी स्वतःच आत नेऊन दिला. तेव्हापासून कुणी आपण होऊन कबुली द्यायला आला, की गुन्ह्याचं काही विचारायच्या आधी मी त्याला एवढंच विचारायचो, "तुमचा जीव कुणात अडकलाय?"