रत्नपालचं लंगडं गाणं

रत्नपाल दिवसा पलासिया भागातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो अन् लग्नसराईत गजाननमास्तरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकतो. माणूस भला आहे, फक्त एका विलायती गाण्याने झपाटलेला. ते गाणं त्याने महूला कुणा फौजी काकाच्या कॅसेटवर पोरवयात ऐकलं. बेडूक कोर्टात जातो, न्यायाधीश शेळीसारखा ओरडतो, असं काहीतरी त्यात आहे. ताल सात मात्रांचा. अन् मध्येच सगळं थांबतं, एकदम चिडीचूप. वाटतं संपलं. मग शेळी पुन्हा ओरडते.

हे त्याने वरातीत वाजवलं की नाचणारे एकमेकांच्या पायात अडकून पडायचे. गजाननमास्तरने शेवटी सांगितलं, "रत्न्या, आणखी एकदा ती शेळी ओरडली की तुझी बँडमधून छुट्टी."

रत्नपाल वर्षभर गप्प राहिला. चांगलाच कुढला. पण राजवाड्याजवळच्या लग्नात, मास्तर पान खायला गेला असताना, नवरदेवाचा मामा डोलत आला. "अरे भिया, वही वही क्या बजा रहे हो? कुछ हटके बजाओ ना!"

झालं. बँडवाल्या पोरांना ते गाणं त्याने चहाच्या टपरीवर चोरून शिकवूनच ठेवलं होतं.

आधी सगळे धडपडले. मग मामाने सातव्या मात्रेला एक उडी घेतली, ती बरोब्बर बसली. बघता बघता अख्खी वरात, फेट्यावाले काका, हाय हील्सवाल्या मावशा, उड्या मारून राहिल्या. मास्तर पानाचा तोबरा घेऊन पळत आला तोवर वरात नवरीच्या दाराशी अन् गाणं मधल्या थांब्याला पोचलं होतं.

आता आपल्याकडचा रिवाज असा, की दाराशी बँड थांबला म्हणजे वरात पोचली. नवरीची आई पद्मजाताई ताट घेऊन पुढे झाल्या, ओवाळलं अन् रीतीप्रमाणे घोडीवरून वाकलेल्या जावयाचं नाक धरलं. अन् शेळी ओरडली.

घोडी दचकून उलटी फिरली अन् चालू लागली. नवरदेव अर्पित वरच. मागे वरात, उड्या मारतच. दारात पद्मजाताई ताट धरून उभ्या.

मास्तर बोंबलला, "बंद कर रे, मेल्या!"

"संपल्याबिगर कसं बंद करू?" एवढं बोलायला रत्नपालने क्लॅरिनेट तोंडातून काढली अन् परत घातली.

घोडीवाल्याने घोडी वळवून आणली, तेव्हा पद्मजाताईंनी रत्नपालला विचारलं, "काहो, अजून कुठे थांबतं का हे?"

"नाही जी, आता सरळ शेवट."

"मग होऊ द्या पूर्ण. नाक मी नंतर ओढते."

दुसऱ्या दिवशी मास्तर रत्नपालच्या घरी आला, तो तोंड वाकडं करूनच. "दोन पार्ट्यांचे फोन आले. त्यांना तेच लंगडं गाणं पाहिजे. वाजव बाबा. फक्त मधला थांबा काढून टाक."

"मग मी नाही येत."

"अरे, बँडमधली जागा टिकून राहिली ना तुझी!"

"थांबा काढला तर शेळीला काय अर्थ, मास्तर? कशाला ओरडेल ती?"

मास्तरने गाल खाजवला.

"राहू दे थांबा," तो उठत म्हणाला. "घोडीच्या कानात कापूस घालायला सांगतो."